डोळे मिटल्यावरची रेघ

मामा, तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले आणि तुमची चौकट अजून मधल्या खोलीत उभीच आहे. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांनी तिच्यावर ओले टॉवेल वाळत घातले. एकाने विचारलं, गणपतीचा मखर का हा? मी हो म्हणाले. माझे सासरे माणसांच्या डोक्यावर टोपी चढवून ती उभ्या उभ्या किती डुलतात ते काजळीच्या कागदावर काढून घेत असत, हे पंगतीत वाढता वाढता समजावून सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं. तुम्ही असता तर त्या पाहुण्याला उष्ट्या हाताने उठवून चौकटीखाली उभं केलं असतं.

पेपरात तुमची बातमी आली. शिक्षण, नोकरी, मुलं, नातवंडं सगळं बरोबर होतं. मला जे सांगायचं आहे ते त्यात नव्हतं, आणि ते तुम्ही असताना तुमच्यासमोर सांगायला हवं होतं. बारा वर्षं ती गोष्ट माझ्या तोंडाशी येऊन परत गेली. एवढी लहान आहे की एका चहात सांगून झाली असती.

आपली पहिली भेट तुम्ही सगळ्यांना रंगवून सांगायचात, तर आज मी सांगते. एक्क्याऐंशी साल. अंबडला आमच्या घरी तुम्ही मला बघायला आलात. पोहे झाले, नावगाव झालं, तुमच्याबरोबर आलेल्या एका मावशींनी रिवाजाप्रमाणे चार पावलं चालून दाखवायला सांगितलं. मी चालले. मग तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "बाई, एका पायावर उभी राहतीस का? डोळे मिटून."

माझे वडील तापले. "आमची मुलगी लंगडी न्हाई," म्हणाले.

"म्हणूनच तर इचारून राह्यलो," तुम्ही म्हणालात. "लंगडीला कशाला इचारू?"

मी डोळे मिटले आणि उभी राहिले. तुम्ही घड्याळाकडे बघून मोठ्याने मोजत होतात, मोजतच राहिलात, शेवटी वडीलच म्हणाले की बास करा आता, पोरगी दमंल. "मुलगी बराबर आहे," तुम्ही म्हणालात आणि उरलेले पोहे संपवलेत. तुम्ही गेल्यावर आमच्याकडे सगळ्यांचं एकमत झालं की माणूस डोक्याने थोडा सरकलेला आहे. मला मात्र तुम्ही आवडलात. त्याआधी तिघं जण मला बघून गेले होते. त्यांनी फक्त बघितलं होतं. तुम्ही पहिले, ज्यांनी मला काहीतरी करायला सांगितलं.

त्या दिवशी माझे डोळे मिटलेले होते, एवढं लक्षात असू द्या. पुढे मला त्यावर यायचं आहे.

लग्नानंतर चार वर्षांनी तुम्ही शहरातल्या कॉलेजातली नोकरी संपवून जुन्या जालन्यातल्या या घरी कायमचे आलात. इतकी वर्षं शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून काढलीत. दुसऱ्यांच्या प्रयोगाची तयारी करायची, पोरांना बेडूक कापून द्यायचा, साहेब आले की बाजूला व्हायचं. त्याबद्दल तुम्ही कधी कुरकुर केली नाहीत, पण घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी सुताराला बोलावलंत. तुमच्या आई अंगणात सपाट जमिनीवर, काही न अडखळता पडल्या होत्या. खुबा मोडला आणि त्या पुन्हा उठल्या नाहीत. "खड्डा न्हाई, दगड न्हाई, चिखल न्हाई. मंग माय पडली कशी?" हे मी तुमच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. तुमचं सगळं संशोधन त्या एका प्रश्नातून निघालं होतं.

माणूस स्थिर उभा राहतच नाही, हे मला तुम्ही शिकवलंत. माझ्या तळहातावर लाटणं उभं ठेवायला लावलंत. ते पडू नये म्हणून माझा हात सारखा इकडेतिकडे जात होता. "झालं. उभं राहणं म्हंजे हेच," म्हणालात. "घोट्यापासलं माणूस सारखं पडून राह्यलंय आन् पोटऱ्या त्याला सारख्या ओढून राह्यल्यात. आपल्याला पत्ता न्हाई." डोळे एक खबर देतात, कानाच्या आतलं पाणी दुसरी देतं, तळपाय तिसरी देतात आणि या तिघांचं ऐकून मेंदू स्नायूंना हुकूम सोडतो. मी बी.एस्सी. झालेली, हे सगळं पुस्तकात वाचलेलं होतं. लाटण्याने समजलं.

चौकट झाली. वर आडवा चकचकीत कागद ताणून बसवायचा, त्याची काजळी धरलेली बाजू खाली. माणसाच्या डोक्यावर घट्ट टोपी, टोपीच्या मधोमध उभी काडी, काडीच्या टोकाला कोंबडीच्या पिसाचा देठ. माणूस खाली उभं राहिलं की त्याचं डोकं जिकडे हलेल तिकडे देठ काजळी खरवडत जाई आणि काळ्यावर पांढरी रेघ उमटे. मिनिटभर डोळे उघडे, मिनिटभर मिटलेले. काजळी धरायचं काम माझं. रॉकेलच्या चिमणीवर कागद फिरवत न्यायचा, कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही, कुठे करपलेला नाही. नंतर लाख विरघळवलेल्या स्पिरिटात बुडवून वाळवायचा म्हणजे रेघ पुसत नाही. माझे हात वर्षभर काळे असायचे. आत्या म्हणायच्या, "सून आणली का लोहार?"

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, हे परक्या कुणी वाचलं तर कळावं म्हणून लिहिते. तुम्हाला सांगायची गरज नाही.

आणि तुमचा तो तक्ता. नाव, वय, गाव, काय काम करतो, जेवून किती वेळ झाला, पायात काय घालतो, कधी पडला होता का, चष्मा आहे का. बायकांसाठी आणखी दोन रकाने होते, पदर आणि बांगड्या. पदरावरून टोपी घातली तर काडी हलते का हे बघायला तुम्ही स्वतः डोक्यावर माझी ओढणी घेऊन उभे राहिलात, तेव्हा आत्या हसून हसून खाली बसल्या होत्या. सगळ्या गोष्टींचा विचार तुम्ही केला होता. रस्त्यावरून रिक्षा गेली तरी तो कागद बाद करायचात.

बायका गल्लीतल्या यायच्या, तुमच्या गावाहून यायच्या, अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडून ऊसतोडीवरून परतताना तुमच्या भावकीतल्या यायच्या. पुरुषही यायचे, पण बायका जास्त, कारण तुम्हाला तुमच्या आईचं उत्तर हवं होतं. दोन-तीन वर्षांत चित्र स्पष्ट झालं. बायकांची रेघ मोठी होती. पुरुषांची रेघ एका ठिकाणी गुंता होऊन बसायची, बायकांच्या रेघेला पुढच्या बाजूला लांब शेपूट फुटायचं, चाळिशीच्या पुढे तर हटकून. अंग पुढे झुकतंय, पोटऱ्या वेळेवर ओढत नाहीत, असं तुम्ही अनुमान काढलंत. फक्त एक गोष्ट जमत नव्हती. डोळे मिटले की पुरुषांची रेघ मोठी व्हायची, व्हायलाच पाहिजे, तिघांतला एक खबऱ्या गेला ना. बायकांची मात्र लहान व्हायची. डोळे मिटले की बाई सावरायची.

"हे कसं काय?" तुम्ही कागद खिडकीशी धरून विचारायचात. "डोळे हिला पाडून राह्यलेत का?"

आपण यावर किती वाद घातला. मी म्हणायचे टोपी घट्ट नसेल, तुम्ही टोपी बदललीत. मी म्हणायचे समोरच्या भिंतीवर काही बघायला नाही, तुम्ही भिंतीवर काळा टिकला लावलात. मी दारात उभी राहून, पदर डोक्यावर घेऊन, तुमच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत वाद घालायचे. तुम्ही एकदा वैतागून म्हणालात, "सूनबाई, वाद घाल, खुशाल घाल, पण मान वर करून घाल. मी काय वाघ हे का?"

मी मान वर केली नाही, मामा. घरात तसं कुणी करत नव्हतं, तुमची भीड होती आणि ती भीड तुम्ही मागितलेली नव्हती, एवढंच. तुमच्याइतका मोकळा सासरा आमच्या अख्ख्या गल्लीत नव्हता. तरीसुद्धा उत्तर तुम्हीच त्या दिवशी मोठ्याने बोलून गेलात आणि आपल्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

मग तुमचा मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनसाठी तुम्ही औरंगाबादला बहिणीकडे पंधरा दिवस राहिलात. जाण्याच्या गडबडीत गावाकडच्या बायकांना गुरुवारी बोलावलेलं तुम्ही विसरलात. त्या आल्या, अकरा जणी, सकाळच्या एस.टी.ने, भाकरी बांधून. परत कशा पाठवायच्या? आत्यांनी चहा टाकला आणि मी एकटीनेच एकेकीला चौकटीखाली घेतलं. गयाबाई पहिल्या. त्यांची रेघ तुम्ही आधी दोनदा काढली होती, दोन्ही वेळा कागदाबाहेर जायची राहिली होती. त्या दिवशी त्यांचा पदर खांद्यावर होता, बाकीच्या खोलीत बसून खिदळत होत्या, आणि मिनिट संपल्यावर मी कागद काढला तर मधोमध हरभऱ्याएवढा गुंता. मला वाटलं पिसाचा देठ मोडला. नवीन लावला. दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्यांचं तेच. डोळे मिटल्यावर पुरुषांसारखी मोठी रेघ, उघडे असताना लहान. जशी असायला हवी तशी.

"आज बरं उभं राहता आलं," गयाबाई टोपी काढताना म्हणाल्या. "डागदर समोर असले का मान आपसूक खाली जाती. कुठं बघावं तेच समजत न्हाई. डोळे मिट म्हन्ले का मंग जिवाला बरं."

तुम्हाला त्या डॉक्टर समजायच्या, हे तुम्हाला माहीत होतं. बाकीचं माहीत नव्हतं. मी काजळीच्या हातांनी तिथेच उभी राहिले. दोष पोटऱ्यांचा नव्हता, कानातल्या पाण्याचा नव्हता. बायका तुमच्याकडे बघायचं टाळत होत्या. मान झुकायची, तुम्ही "मान वर" म्हणायचात, ती वर यायची आणि परत खाली जायची, आणि तेच ते पुढे फुटलेलं शेपूट. डोळे मिटल्यावर तुम्ही दिसायचे बंद व्हायचात आणि बाई सरळ व्हायची. आमच्या घरी पोह्यांच्या बशीसमोर मी उभी राहिले तशी. सगळे रकाने तुम्ही भरले होते आणि खोलीत तुम्ही स्वतः उभे होतात तेवढं लिहायचं राहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही आलात, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. गल्लीतल्या एक बाई चौकटीखाली उभ्या होत्या. तुम्ही दारात आलात, नुसते आलात, बोललाही नाहीत, आणि रेघेने उडी मारली. मी ती माझ्या डोळ्यांनी पाहिली. तुम्हाला पट्टीमुळे दिसली नाही.

तुमच्या हातात पत्र होतं. तुमच्या जुन्या कॉलेजातल्या लोकांच्या एका बैठकीत तुम्हाला निबंध वाचायला बोलावलं होतं. ज्यांच्यासाठी तुम्ही बेडूक कापून दिले ते समोर खुर्च्यांवर बसणार आणि तुम्ही बोलणार. तुम्ही ते पत्र मला वाचून दाखवायला लावलंत, पट्टीमुळे वाचता येत नाही म्हणून. मग परत एकदा वाचायला लावलंत. मग म्हणालात, "गावच्या बाया येऊन गेल्या म्हणे. कागद दाखव."

मी म्हणाले, "कागद बिघडले, मामा. काजळी जाड झाली."

तुम्ही पट्टीवरून हात फिरवलात. "तुझ्या हातची काजळी जाड? मोतीबिंदू मला झाल्ता का तुला?" आणि हसलात. त्या हसण्यावर मी सांगायला हवं होतं. मी मनाशी म्हटलं, बैठक होऊ दे, मग सांगू. अकरा कागद माझ्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीखाली ठेवले.

बैठक झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही शाल आणि नारळ घेऊन आलात आणि दारातच ती शाल माझ्यापुढे धरलीत. "मी सांगितलं त्यान्ला, कागद माझ्या सुनंनं धरलेत. अर्धी शाल तुझी." तुम्ही मंचावर माझं नाव घेतलं होतंत. त्या शालीने माझं तोंड कायमचं बंद केलं. आता सांगितलं तर टाळ्या परत घ्यायच्या होत्या, आणि त्या परत घेणारी मी कोण?

हे एवढ्यावर राहिलं असतं तर मी आज स्वतःला माफ केलं असतं. एक चुकीचा निबंध कुठेतरी कपाटात पडला असता. पण तुम्ही निबंध लिहून विसरणाऱ्यांतले नव्हता. आईला वाचवता आलं नाही म्हणून तुम्ही आत्यांना वाचवायला निघालात.

आत्यांची रेघ तुम्ही सगळ्यांत जास्त वेळा काढली होती, आणि ती सगळ्यांत मोठी होती, अर्थातच. घरात तुमच्यासमोर मान वर न करण्यात त्या माझ्याही पुढे होत्या. त्याच आत्या वाळवायच्या खारोड्यांचं सूप एका हातावर तोलून, दुसऱ्या हाताने नुसती टेकण घेत लोखंडी शिडीने गच्चीवर जायच्या. मी खालून भीतीने शिडी घट्ट धरून ठेवायचे, त्यांच्या पायाला मात्र काही कळायचं नाही. तुम्ही बैठकीहून आल्याच्या आठवड्यात ती शिडी सुताराला देऊन टाकलीत. मग शेतावर जाणं बंद. मग बाजार बंद. ओट्यावर खुर्ची आली.

"मला काय झालंय?" आत्यांनी विचारलं होतं. स्वयंपाकघरात, मला.

मी म्हणाले, "मामा काळजीनं सांगतात."

"म्हन्तात तर बसते," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

टाचा उचलायचा व्यायाम तुम्ही त्यांना शिकवलात, हे खरं. खिडकीचे गज धरून, पायरीवर, सकाळ-संध्याकाळ. पण दिवसभर खुर्चीत बसवायचं आणि दोन मिनिटं टाचा उचलायला लावायच्या, यात काय पदरात पडणार होतं? पहिल्या वर्षी त्या कुरकुरल्या. दुसऱ्या वर्षी गप्प झाल्या. कधीतरी त्या मोरीकडे जाताना भिंतीला हात लावू लागल्या. पहिल्यांदा बोटं लावायच्या, नंतर तळवा. भिंतीवर त्यांच्या हाताच्या उंचीला एक तेलकट पट्टा उमटला. दिवाळीला चुना मारताना तो मीच पुसायचे. दरवर्षी पुसायचे आणि दरवर्षी मला माहीत असायचं.

मी काय काय कारणं काढली ते ऐकाल तर हसाल. तुमचं ब्लडप्रेशर. मुलाची दहावी. तुमचा दुसरा डोळा. एकदा तर मी अकराही कागद पदराखाली घेऊन तुमच्या खोलीच्या दारापर्यंत आले. तुम्ही वर बघितलंत आणि म्हणालात, "काय गं?" मी म्हणाले, "चहा ठेवू?" तुम्ही हो म्हणालात. तो चहा मी केला, तुम्ही प्यायलात, चांगला झालाय म्हणालात.

शेवटच्या महिन्यात तुम्हाला उठवायचं काम माझ्याकडे आलं. खांद्याखाली हात घालून मी तुम्हाला उभं करायचे आणि तुमचं सगळं अंग माझ्या हातात डुलायचं. आयुष्यभर दुसऱ्याचं डुलणं मोजलं त्या माणसाचं. तुम्हाला त्यातही गंमत वाटली. "सूनबाई, टोपी आण. माझी रेघ काढून घे, जल्दी. असा माणूस परत सापडायचा न्हाई."

मी नाही काढली. मला रडू आवरलं नसतं, आणि रेघ हलली असती.

मग पलंगावर टेकल्यावर तुम्ही म्हणालात, "एवढं एक राह्यलं बघ. डोळे मिटल्यावर बाई सावरती. का सावरती? म्या लई डोकं खाजवलं. तुला काय वाटतं?"

खोलीत आपण दोघंच होतो. तुमचे डोळे माझ्याकडे होते. मी औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचत होते. तुम्ही मला विचारलंत, मामा, हुकूम नव्हता केलात. उत्तर माझ्या पेटीत होतं, दहा पावलांवर. मी म्हणाले, "तुम्ही आराम करा." तुम्ही डोळे मिटलेत. त्यानंतर तुम्ही पाच दिवस होतात, पण विचारलं नाहीत.

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही, असं मी स्वतःला सांगत आले. खरं तर मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं. रिक्षा गेली म्हणून कागद बाद करणारा माणूस स्वतःच्या चुकीने मोडून पडला असता का? तुम्ही कागद खिडकीशी धरले असते, मांडीवर थाप मारली असती, आणि सुताराकडे जाऊन स्वतःसाठी एक पडदा करून आणला असता. त्या पडद्यामागे उभे राहून तुम्ही सगळ्या बायका पहिल्यापासून मोजल्या असत्या. ती संधी तुमच्याकडून मी घेतली. तुमचा मान राखायचा म्हणून मी तुमचं काम नासवलं.

काल दुपारी मी पेटी उघडली आणि सगळं आत्यांना सांगितलं. त्या खुर्चीत होत्या. गयाबाईंचे दोन कागद शेजारी शेजारी त्यांच्या मांडीवर ठेवले, तुमच्यासमोरचा आणि माझ्यासमोरचा. त्या बराच वेळ बोटाने रेघ चाचपत होत्या.

"म्हंजे माझे पाय बिलकुल चांगले होते?"

"हो."

"आन् तुला ठाव होतं."

"हो, आत्या."

त्यांनी मला शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं. त्या तुळशीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यान्ला सांगितलं असतं तर त्यान्नी ऐकलं असतं. माझं न्हाई, पर तुझं ऐकलं असतं." हे मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. मग त्या खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या. "लाव ती टोपी. बघू तर."

मी चिमणी पेटवली, कागद धरला. काजळी जाड झाली नाही. आत्या भिंतीला धरत चौकटीखाली आल्या. पदर त्यांनी स्वतःच खांद्यावर टाकला. पांढऱ्या केसांवर टोपी बसवली. मी त्यांच्या मागे उभी राहिले, दार लोटलेलं, समोर फक्त तुमचा काळा टिकला. त्यांची मान सरळ होती. इतक्या वर्षांत मी त्यांची मान अशी पाहिली नव्हती. मिनिट संपलं.

रेघ मोठी होती, मामा. कडेपर्यंत गेलेली, पुढे लांब शेपूट. तुम्ही निबंधात लावली होती तशीच, तुमच्या हातची वाटावी अशी. आता समोर कोणी नव्हतं, पदर नव्हता, भीड नव्हती. बारा वर्षं बसून बसून पोटऱ्या खरंच ओढायच्या विसरल्या होत्या. तुमचं चुकलेलं अनुमान आपण दोघांनी मिळून खरं करून दाखवलं. तुम्ही त्यांना बसवलंत, आणि मी बसू दिलं.

आत्यांनी विचारलं, "कशी आलीय?"

या वेळी मी खरं सांगितलं. "मोठी आलीय, आत्या."

"असू दे," त्या म्हणाल्या. "लहान करू."

आज सकाळी त्यांनी खिडकीचे गज धरले आणि टाचा उचलल्या, तुम्ही शिकवल्यात तशाच. दोन मिनिटं नाही, दम लागेपर्यंत. मग ओट्यापासून मोरीपर्यंत माझा हात धरून चार खेपा केल्या, भिंतीकडे न बघता. सुताराकडे शिडीची चौकशी करायला सांगितली आहे. वर चढायला नाही म्हणाल्या, नुसती घरात असू दे. खिडकीशेजारी तुमचा फोटो लावला होता, हार घातलेला. तो काढून मागच्या भिंतीवर लावायला सांगितला. "समोर नको," एवढंच म्हणाल्या. मी लावला.

चौकट राहील. आता मी तुमचा तक्ता घेऊन बसले आहे. नाव, वय, गाव, पदर, बांगड्या, सगळ्यांच्या शेवटी मी पट्टीने एक नवीन रकाना आखला आहे. वर लिहिलं, "समोर कोण होतं". आत्यांच्या कालच्या कागदापुढे लिहिलं, कोणी नाही. गावच्या अकरा कागदांपुढे माझं नाव लिहिलं. बाकीचे कागद मोठ्या पेटीभर आहेत, ते एकेक काढून मी प्रत्येकापुढे तुमचं नाव लिहिते आहे. सून सासऱ्याचं नाव घेत नाही, मीही वीसेक वर्षांत कधी घेतलं नाही, कागदावरही नाही. पहिल्यांदा लिहिताना हात थांबला. आता थांबत नाही. मान वर करून लिहिते आहे, मामा, आणि अजून पुष्कळ कागद बाकी आहेत.